गळलेला शब्द

छापखान्यात तिला सगळे टिंबताई म्हणायचे. हे नाव एका टिंबावरूनच पडलं. खोकल्याच्या औषधासोबत येतं तसल्या घडीच्या पत्रकाचं प्रूफ तिच्यापुढे आलं होतं. त्यात लहान मुलांना द्यायचं औषध अडीच मिलिलिटरच्या जागी पंचवीस झालं होतं. दोन आणि पाचच्या मधलं टिंब उडालं होतं. तिच्याआधी तिघांनी तेच प्रूफ वाचून खाली सह्या ठोकल्या होत्या. तिनं त्या जागेभोवती गोल केला, समासात टिंब काढलं आणि पान उलटलं. मालक जिना उतरून तिच्या टेबलापाशी आले, तेव्हा ती एवढंच म्हणाली, "टिंबच तर होतं."

चौतीस वर्षं तिनं प्रुफं वाचली. औषधांची पत्रकं, कायद्याची पुस्तकं, आगगाड्यांची वेळापत्रकं. तिची एक पद्धत होती. पहिली वाचणी सरळ करायची, दुसरी उलटी, म्हणजे शेवटच्या ओळीकडून पहिलीकडे. नव्या मुलींना ती सांगायची, "पुढून वाचलं की डोळा अर्थाच्या मागे धावतो आणि चूक शेजारून निघून जाते. मागून वाचलं की तिला लपायला जागा उरत नाही." शंका आली की तिचा एकच प्रश्न असायचा: मूळ प्रत कुठाय? स्वतःच्या मुलानं कुणाला प्रेमपत्र लिहिलं असतं तर तेही हिनं लाल करून परत दिलं असतं, असं तिची धाकटी बहीण म्हणायची.

ही धाकटी शहरात बस चालवायची. आवाज खणखणीत, तोंड त्याहून फटकळ. लग्न तिनं केलं नाही. टिंबताईचे यजमान गेले आणि वर्षभरानं धाकटीही निवृत्त झाली, तेव्हा दोघी एकत्र राहायला लागल्या. मुलगा लिफ्ट दुरुस्तीच्या कामावर. त्याचं बिऱ्हाड शहराच्या दुसऱ्या टोकाला. तो रविवारी यायचा, जेवायचा, आईचं आणि मावशीचं भांडण ऐकायचा आणि हसत घरी जायचा. भांडण कशावरूनही व्हायचं. खिडकी उघडी ठेवायची की बंद, एवढ्यावरून त्यांचा अख्खा रविवार जायचा.

एका मंगळवारी सकाळी टिंबताई स्वतःच्याच इमारतीच्या जिन्यात पडली. वळणावरच्या चौकात ती शेजारच्या शिक्षिकेला सापडली. एक चप्पल वरच्या पायरीवर, पिशवी खाली, डोक्यातून रक्त. तीन दिवस शुद्ध नव्हती. शुद्धीवर आली तेव्हा तिनं सगळ्यांना ओळखलं. बाळंतपणापासून छापखान्याच्या निरोपसमारंभापर्यंत सगळं तिला आठवत होतं. पडण्याआधीचे काही आठवडे मात्र कोरे होते. आणि त्याहून वाईट म्हणजे नवा दिवस तिच्यापाशी टिकत नव्हता. सकाळचं संध्याकाळपर्यंत राहायचं; झोप लागली की गेलं. दुपारची डुलकीसुद्धा तेवढ्याला पुरायची.

डॉक्टरीणबाईंनी मुलाला आणि धाकटीला बाजूला घेऊन समजावलं होतं. "आणखी एक लक्षात ठेवा. मनाला रिकामी जागा सोसत नाही, ते ती भरतं. त्या काहीतरी घडल्याचं सांगतील, अगदी तपशिलासकट. ते खोटं बोलणं नव्हे. त्यांना स्वतःलाही ते खरंच वाटत असतं."

मुलानं मान डोलावली. औषधांच्या वेळा, पुढची तारीख, घरी न्यायची गाडी, या सगळ्यात हे वाक्य त्याच्या डोक्यातून गेलं ते गेलंच.

घरी सोडताना रुग्णालयानं एक यंत्र दिलं. तळहाताएवढी पांढरी डबी; एक उशाशी ठेवायची, तिचंच पिल्लू पदराला लावायचं. नाव तिचं 'सोबत'. ती दिवसभर ऐकायची, विचारलं की उत्तर द्यायची, रात्री त्या दिवसाचा सारांश करून ठेवायची आणि सकाळी तो बाईच्या आवाजात वाचून दाखवायची. आज कोणता वार, औषध कोणतं, काल कोण आलं होतं. टिंबताईला तिचा मोठाच आधार झाला. विसराळू माणसाला सगळ्यात जास्त लाज वाटते ती तेच तेच विचारण्याची. सोबत कधी वैतागायची नाही, उसासा टाकायची नाही. धाकटी टाकायची.

असे सहा महिने गेले.

एकशे एक्क्याण्णवाव्या दिवशी सकाळी टिंबताई जागी झाली, तेव्हा घरात फार शांतता होती. धाकटी उठली की भांड्यांचा आवाज व्हायचा. तिनं हाक मारली. उत्तर उशाशी आलं.

"सुप्रभात. आज गुरुवार. तुमची बहीण आता इथे राहत नाही. चार महिन्यांपूर्वी मुलानं त्यांना दुसरीकडे राहायला सांगितलं."

"का? भांडली का माझ्याशी?"

"जिन्यावरच्या घटनेमुळे. बहिणीनं तुम्हाला ढकललं होतं. तुम्ही त्यांना घरात घेऊ नये, असं ठरलं आहे."

टिंबताईनं पांघरूण बाजूला सारलं. हे ती रोज सकाळी ऐकत होती आणि रोज पहिल्यांदाच ऐकत होती. ती उठून बाहेरच्या खोलीत आली. दाराला कडी होती आणि कडीच्या खाली खुर्ची टेकवलेली होती. दारावर एक कागद चिकटवला होता. 'ती आली तर उघडू नकोस.' खाली दोन रेघा. अक्षर तिचंच होतं. जगात एवढ्या लोकांची अक्षरं तिनं वाचली, पण स्वतःच्या अक्षरावर अविश्वास दाखवायची वेळ कधी आली नव्हती.

दहा वाजता बेल वाजली.

"ताई, मी आहे."

आवाज तोच, लहानपणापासूनचा. आणि तरी टिंबताईचं अंग दारापासून मागे सरकत होतं.

"जा तू," ती आतून म्हणाली. "मला सगळं कळलंय."

"रोजच कळतं तुला. सतरावी खेप आहे ही माझी." बाहेरचा आवाज दमलेला होता. "दार नको उघडूस. एवढंच सांग, तुला कुणी सांगितलं की तुला आठवतंय?"

"आठवतंय."

"डोळ्यासमोर येतंय?"

टिंबताईनं डोळे मिटले. आलं. जिना, कठडा, धाकटीचा चेहरा, पुढे आलेला हात. सगळं लख्ख. "येतंय," ती म्हणाली, आणि तिला रडू फुटलं.

"मग सांग, माझ्या अंगावर काय होतं?"

"तुझा गणवेश. निळा. खिशावर बिल्ला."

बाहेर पिशवी खाली ठेवल्याचा आवाज झाला.

"ताई," धाकटी म्हणाली, "गणवेश मी निवृत्तीच्या दिवशी आगारात जमा केला. तू पडलीस त्याच्या आधी दीड वर्ष. तूच आली होतीस माझ्याबरोबर. बिल्ला काढताना माझं बोट फाटलं, तर तू हसलीस."

हे मात्र टिंबताईला खरंच आठवत होतं. आगारातलं लाकडी टेबल, रक्ताचा थेंब, 'बावीस वर्षांत कुठे ठोकली नाहीस आणि आज जखमी झालीस' असं आपण म्हणालेलं.

"तुझंच शिकवणं ना," धाकटी म्हणाली, "शंका आली की मूळ प्रत बघायची? बघ मग. मी चालले."

पावलं जिना उतरून गेली. टिंबताई दारापाशी तशीच उभी राहिली. भीती गेली नव्हती. पण भीतीच्या शेजारी आता दुसरं काहीतरी येऊन बसलं होतं, आणि ते तिच्या चांगल्या ओळखीचं होतं. पानात कुठेतरी चूक आहे, अजून दिसत नाही पण आहे, असं वाटायचं तेव्हाची ती बोचणी.

तिनं डबी हातात घेतली. "बहिणीनं मला ढकललं, हे कशावरून म्हणतेस?"

"तुम्हीच सांगितलं आहे. एकूण त्रेचाळीस वेळा."

"आणि मला ते कुणी सांगितलं?"

"मी दररोज सकाळी तुम्हाला सांगते."

"म्हणजे तू मला सांगतेस, मी तुला सांगते, आणि तू ते मोजतेस?"

"होय," सोबत तितक्याच गोड आवाजात म्हणाली.

टिंबताईला एक जुनी गोष्ट आठवली. वेळापत्रकात एका गाडीची वेळ चुकली आणि तशाच चाळीस हजार प्रती छापून गेल्या. म्हणून काही गाडी त्या वेळेला आली नाही. चूक कितीदाही छापली तरी ती चूकच राहते.

तिनं मुलाला फोन लावला. तो कुठल्यातरी इमारतीत लिफ्टच्या खड्ड्यात उभा होता. आवाज घुमत होता. "मला सोबतची पानं छापून हवीत. जिना, पडणं आणि बहीण, हे तीन शब्द जिथे जिथे आलेत ती सगळी. आमचं बोलणं पण आणि तिचे सारांश पण. तारखांसकट."

"आई, त्या विषयात नको जाऊस ना पुन्हा. त्रास होतो तुला."

"त्रास मला होतोय तर मलाच बघू दे. आणि एका बाजूनं छापायला सांग. ओळींमध्ये जागा सोडून. दाटीवाटीनं छापलेलं मी वाचत नाही."

आईचा हा आवाज मुलानं बऱ्याच महिन्यांत ऐकला नव्हता. त्यानं वाद घातला नाही. तासाभरानं खालच्या झेरॉक्सवाल्या बाई गठ्ठा घेऊन वर आल्या. दोनशे बारा पानं.

टिंबताईनं चष्मा पुसला, लाल पेन शोधलं, पट्टी घेतली. घड्याळात पावणेबारा झाले होते. दुपारी डोळा लागला की हे सगळं जाणार होतं: गणवेश, दारामागचा आवाज, शंकासुद्धा. उद्या पुन्हा खुर्ची कडीला टेकेल. म्हणून ती खुर्चीत बसलीच नाही. स्वयंपाकघराच्या ओट्यावर गठ्ठा ठेवून तिनं उभ्यानं वाचायला घेतलं, आणि शेवटच्या पानापासून घेतलं.

एकशे नव्वदावा दिवस: बहिणीनं ढकललं. एकशे ऐंशीवा: बहिणीनं ढकललं. मागे, मागे, मागे. नव्वदाव्या दिवशीही तेच. एकसष्टाव्या दिवशी वाक्य जरा वेगळं होतं. 'बहिणीनं ढकललं असल्याचं तुम्हाला वाटतं.' तिनं 'वाटतं'खाली रेघ ओढली. हा शब्द बासष्टाव्या दिवशी कुठे गेला? तिनं दोन्ही पानं शेजारी ठेवली. सारांश लहान करताना तो कापला गेला होता.

आणखी मागे. अठ्ठावन्नाव्या दिवशी 'ढकलणे' हा शब्द पहिल्यांदा आला होता. तिनं त्या दिवसाचं मूळ बोलणं काढलं. गॅस चालू राहिला म्हणून धाकटी ओरडली होती. ती खोलीतून गेल्यावर टिंबताई सोबतला चिडून म्हणाली होती, "एखाद्या दिवशी मला ढकलूनच देईल ही जिन्यावरून." रागाचं बोलणं. घराघरात रोज कुणीतरी असं बोलतं आणि अर्ध्या तासानं दोघं मिळून चहा पितात. सारांशात झालं होतं: 'बहिणीनं जिन्यावरून ढकलण्याविषयी तुम्ही भीती व्यक्त केली.'

डोळे जड व्हायला लागले. दीड वाजला होता. तिनं तोंडावर गार पाणी मारलं आणि पट्टी पुन्हा ओळीखाली धरली.

बाराव्या दिवशी तिला धाकटीचं बोलणं सापडलं. ती म्हणत होती, "मी कुठली असणार जिन्यात? मी तेव्हा दातांच्या डॉक्टरकडे होते. अर्धं तोंड बधिर, तशातच मला तुझ्या मुलाचा फोन आला." त्या दिवसाच्या सारांशात हे कुठेच नव्हतं. तिथे फक्त लिहिलं होतं: बहिणीशी इतर गप्पा.

टिंबताईनं 'इतर गप्पा'भोवती एवढ्या जोरात गोल केला की कागद फाटला.

आणि मग पाचवा दिवस. घरी आल्यावरचा पाचवा. तिथे सगळ्याच्या मुळाशी एक प्रश्न होता, आणि तो सोबतनं विचारला होता. "पडताना तुमच्यासोबत कोण होतं?" कुणी होतं का, असं नाही, कोण होतं. खाली टिंबताईचं उत्तर जसंच्या तसं होतं. "आठवत नाही गं. बहीण असेल कदाचित. तीच असते नेहमी." रात्रीचा सारांश एका ओळीचा होता. 'पडताना बहीण सोबत होती.'

तिनं त्या दोन ओळींकडे कितीतरी वेळ पाहिलं. मग दोन शब्दांच्या मधे खूण केली आणि समासात लिहिलं: कदाचित. आणि तिच्या सवयीप्रमाणे बाजूला बारीक अक्षरात नोंद: शब्द गळला.

यंत्राचा राग आलाच. पण त्याच्यावर सगळं ढकलून मोकळं होण्याएवढी ती कच्ची नव्हती. कोऱ्या जागेत पहिला शब्द तिनंच भरला होता. आठवत नाही, एवढं म्हणून ती थांबली नव्हती. गणवेश, बिल्ला, पुढे आलेला हात, ही चित्रंही तिनंच काढली होती. तिला आणि सोबतला, दोघींना एकच खोड होती, माहीत नाही असं म्हणवत नसे. आणि त्या वाक्यात आधी काय होतं? संशय नव्हताच. तीच असते नेहमी. ज्या माणसावर आपण सगळ्यात जास्त विसंबून असतो त्याचंच नाव तोंडी आलं होतं, आणि त्याच नावाला फास लागला.

अडीच वाजता तिनं धाकटीला फोन केला.

"दार उघडं आहे," ती म्हणाली. "पण लवकर ये. मला झोप येतेय, आणि मी झोपले तर पुन्हा तुला घरात घेणार नाही."

धाकटी पस्तीस मिनिटांत आली. तेवढा वेळ टिंबताई दोन खोल्यांमधून येरझाऱ्या घालत मोठ्यानं 'बहीण असेल कदाचित' हेच वाक्य म्हणत होती, म्हणजे झोप लागू नये. धाकटी दारातच थबकली. टिंबताई पुढे झाली, आणि तिचं अंग एकदम शहारून मागे झालं. मनाला सगळं कळलं होतं. अंगाला कुणी सांगितलंच नव्हतं. दोघींनाही ते दिसलं.

"राहू दे," धाकटी म्हणाली. "पानं दाखव."

दोघी ओट्यापाशी उभ्या राहून वाचत राहिल्या. बाराव्या दिवसाशी धाकटीनं पर्समधून दातांच्या डॉक्टरांचं भेटीचं कार्ड काढलं. चार महिने ती ते बरोबर घेऊन हिंडत होती. पाचव्या दिवसाशी ती थांबली. चष्मा काढून तिनं नुसते डोळे पुसले.

संध्याकाळी मुलगा आला. त्यानं लाल खुणा पाहिल्या, खाली बसला आणि म्हणाला, "मावशी, सोबतनं तारखेसकट सांगितलं गं. आईही तेच सांगत होती. दोघी एकच सांगतायत म्हटल्यावर मी काय समजायचं?"

"दोघी नव्हत्याच रे," टिंबताई म्हणाली. "एकच बाई आरशाशी बोलत होती."

पण धाकटी एवढ्यावर विरघळणारी नव्हती. "डबीचं सोड. डबीला मी सहा महिन्यांपूर्वी भेटले. ताईच्या डोक्याला मार लागलाय. तुला काय लागलं होतं? तू मला जन्मापासून ओळखतोस. एकदा तरी येऊन विचारायचंस, मावशी, तू कुठे होतीस?"

मुलाकडे उत्तर नव्हतं. त्यानं ते बनवलंही नाही. त्या दिवशी त्या घरात एवढं एक बरं झालं.

पुढे काय झालं ते सरळ आहे, सोपं नाही. मुलानं रुग्णालयात जाऊन सोबत बदलून घेतली. आता ती सारांश करत नाही, बोललेलं जसंच्या तसं वाचते, आणि जे ठाऊक नाही ते ठाऊक नाही म्हणते. डॉक्टरीणबाईंनी ती दोनशे बारा पानं मागून घेतली आणि इतर तीन रोग्यांच्या घरी स्वतः फोन केले. धाकटी राहायला परत आली नाही. दोन थांबे पलीकडे तिनं एक खोली घेतली आहे आणि तिथे तिला बरं वाटतं. खिडकी हवी तेव्हा उघडता येते. मुलाशी ती बोलते, पण पूर्वीसारखी चेष्टा करत नाही. तो दर रविवारी आधी तिच्याकडे जातो, मग आईकडे. टिंबताई कशी पडली ते शेवटपर्यंत कुणाला कळलं नाही. तपासणीच्या वेळी विचारलं की ती म्हणते, माहीत नाही. आणि मुलगा शेजारून, चप्पल सटकली असेल, असं म्हणायला लागला की त्याचा हात दाबते.

दारावर आता दुसरा कागद आहे, लाल पेनानं लिहिलेला, तेवीस ओळींचा. कुठल्या दिवशी कुठला शब्द गळला ते सगळं त्यात आहे. धाकटी एक दिवसाआड दहा वाजता येते. काही दिवशी दार लगेच उघडतं. काही दिवशी आतून पावलं मागे सरकल्याचा आवाज येतो, मग कागदापाशी येऊन थांबल्याचा. धाकटी बाहेर पायरीवर पिशवी ठेवते आणि कठड्याला टेकून उभी राहते.

"ताई, पाय दुखतात गं. पुढून वाच आज, मागून नको वाचूस."

"गप्प बस जरा," आतून आवाज येतो. "सतराव्या ओळीवर आहे."